जुन्या वेगवान चेअरलिफ्ट आणि त्यांची नोंदवही

ज्या देशांत हिवाळ्यात डोंगरावर पुरुषभर बर्फ साचते, तेथे पायांना लांब फळ्या बांधून उतारावरून घसरत येण्याचा खेळ फार आवडीचा आहे. त्याला स्की म्हणतात. घसरत खाली येण्यात मजा खरी, पण पुन्हा वर चढायचे कसे? या प्रश्नाला माणसाने जे उत्तर शोधले ते म्हणजे चेअरलिफ्ट. पायथ्यापासून माथ्यापर्यंत मनोरे उभारायचे, त्यांवरून पोलादी दोराचा अखंड फेरा फिरता ठेवायचा आणि त्याला ठरावीक अंतरावर खुर्च्या टांगायच्या. रायगडावर पाळण्यातून गेलेल्या मंडळींना याची थोडीफार कल्पना येईल. मात्र येथे पाळणा बंद नसतो. खुर्ची उघडी, पाय अधांतरी आणि खाली बर्फ!

या यंत्रांपैकी ज्या वेगवान चेअरलिफ्ट आता जुन्या झाल्या आहेत, त्यांच्यावर कितपत विश्वास टाकावा आणि तो कशावरून ठरवावा, हा आजचा विषय. विषय दूरदेशीचा आहे. पण दोराच्या भरवशावर काम करणे आपल्याला नवे नाही. ज्यांनी मोट हाकलेली पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल, की शहाणा शेतकरी नाडा किती वर्षांचा आहे एवढेच पाहत नसे. तो कोठे झिजला, कोठे सांधला, हे तो बोटांनी चाचपून पाही.

आधी थोडा इतिहास सांगतो. पहिली चेअरलिफ्ट 1936 साली अमेरिकेच्या आयडाहो राज्यात, सन व्हॅली येथे सुरू झाली. युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीने आपल्या गाड्यांना उतारू मिळावेत म्हणून ते बर्फाचे ठिकाण वसवले होते. कंपनीचे अभियंते जेम्स करन यांनी पूर्वी केळीचे घड जहाजात चढवण्याची यंत्रे पाहिली होती. फिरत्या दोराला आकडे आणि आकड्यांना घड, अशी ती रचना. करन यांनी आकड्यांच्या जागी खुर्च्या लावल्या. आहे की नाही गंमत? आपल्या जळगावकडील मंडळींना ही हकिगत नक्कीच आवडेल.

या पहिल्या पद्धतीत खुर्ची दोराला कायमची आवळलेली असते. म्हणजे दोर ज्या वेगाने धावतो त्याच वेगाने खुर्ची माणसाच्या मागून येते आणि त्याला उचलते. म्हणून दोर फार वेगाने पळवता येत नाही. सेकंदाला अडीच मीटरच्या आसपास मर्यादा येते. यावर स्वित्झर्लंडच्या फॉन रोल कंपनीने तोड काढली. फ्लिम्स येथे 1945 साली तिने अशी लिफ्ट उभारली, की स्थानकात शिरताच खुर्ची दोरापासून सुटे, माणसे सावकाश बसत आणि मग खुर्ची पुन्हा दोर धरी. या खुर्च्यांत माणसे बाजूला तोंड करून बसत. पुढे 1981 साली अमेरिकेतील ब्रेकनरिज येथे ऑस्ट्रियाच्या डॉपलमायर कंपनीने चार आसनांची पहिली वेगवान लिफ्ट बांधली आणि या यंत्रांचे युगच पालटले. आज अशा लिफ्टचा दोर सेकंदाला पाच मीटर, म्हणजे ताशी अठरा किलोमीटर वेगाने धावतो. पण बसण्याच्या जागी खुर्ची जेमतेम चालत्या माणसाच्या वेगाने येते.

ही सारी किमया एका भागाची आहे. त्याला आपण 'पकड' म्हणू. भक्कम स्प्रिंगच्या जोरावर ती दोर घट्ट धरते. स्थानकात रुळासारख्या पट्टीने तिचा जबडा उघडतो, रबरी टायरांची रांग खुर्चीचा वेग कमी करते. माणसे बसली की तसेच टायर तिला पुन्हा दोराच्या वेगावर आणतात आणि जबडा मिटतो. जबडा नीट मिटला नाही, तर तपासणी यंत्र लिफ्ट जागीच थांबवते.

आता शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात मुलांकडून करून घ्यावा असा एक हिशेब सांगतो. समजा, लिफ्ट दीड हजार मीटर लांब आहे. जायला पाच मिनिटे, यायला पाच, आणि दोन्ही स्थानकांत मिळून एक मिनिट. म्हणजे एक फेरी अकरा मिनिटांची झाली. दिवसाचे सात तास लिफ्ट चालली तर सुमारे 38 फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत पकड दोनदा उघडते आणि मिटते, म्हणजे दिवसाला 76 वेळा. हंगाम 120 दिवसांचा धरला तर नऊ हजारांवर, आणि तीस वर्षांत पावणेतीन लाखांच्या घरात! एका पकडीची ही गोष्ट. लिफ्टवर अशा पकडी शंभरावरही असू शकतात. त्यांतली एकही एकदासुद्धा चुकून चालत नाही. कायमच्या आवळलेल्या खुर्चीला ही काळजी नसते. तिची पकड फक्त मधूनमधून दोरावर पुढे सरकवावी लागते, म्हणजे दोर एकाच जागी झिजत नाही.

मग वेगवान लिफ्ट जुनी झाली की धोक्याची, असे समजावे काय? दोन उदाहरणे पाहू.

स्वित्झर्लंडमध्ये झोलोथुर्न शहराजवळ वाइसेनश्टाइन नावाचा डोंगर आहे. तेथे फॉन रोलची सुटणाऱ्या खुर्च्यांची लिफ्ट 1950 साली सुरू झाली. वेग आजच्या मानाने कमी, पण पकडीचे तत्त्व हेच. ती 2009 सालापर्यंत, म्हणजे एकोणसाठ वर्षे लोकांना वर नेत होती. तेथील परवान्याची मुदत संपली, तेव्हा ती जुनी लिफ्ट वारसा म्हणून जपावी की नवी बांधावी, यावर मोठा वाद झाला. अखेर 2014 साली तेथे बंद डब्यांचा नवा रज्जुमार्ग आला.

दुसरे उदाहरण कॅनडाचे. व्हिसलर येथे 'क्विकसिल्व्हर' नावाची चार आसनी वेगवान लिफ्ट 1991 साली उभी राहिली. 23 डिसेंबर 1995 रोजी ती लिफ्ट एकाएकी थांबली, पकड दोरावरून घसरली, खुर्च्या एकमेकींवर आदळल्या आणि चार खुर्च्या खाली कोसळल्या. दोघांचे प्राण गेले, अनेक जण जखमी झाले. लिफ्टचे वय किती? अवघे चार वर्षे! ती बांधणारी कंपनी नेवाडा राज्यातील लिफ्ट इंजिनिअरिंग. तिच्या लिफ्ट 'यान' या नावाने ओळखल्या जात. याच कंपनीच्या एका वेगवान लिफ्टवर कॅलिफोर्नियात 1993 साली खुर्ची मागे घसरून एक लहान मुलगा दगावला होता. 1996 साली कंपनीचे दिवाळे निघाले. ठिकठिकाणच्या तिच्या वेगवान लिफ्ट काढून टाकाव्या लागल्या, किंवा मनोरे तसेच ठेवून पकडी आणि स्थानकातील यंत्रे दुसऱ्या कंपन्यांकडून नवी बसवून घ्यावी लागली. याच कंपनीच्या साध्या, कायम आवळलेल्या खुर्च्यांच्या कित्येक लिफ्ट मात्र पुढे वर्षानुवर्षे चालत राहिल्या, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

तेव्हा केवळ वय पाहून भागत नाही. कोणत्या जातीची पकड आहे, तशीच पकड आणखी कोठे आहे आणि तेथे तिने काय गुण दाखवले, हे माहीत हवे. एका डोंगरावर घसरलेली पकड ही तशा साऱ्या पकडींविषयीची सूचना असते. ती दुसऱ्या डोंगरावर वेळीच पोचली, तर माणसे वाचतात. यासाठीच अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्याने 1965 साली स्वतंत्र मंडळ नेमले. तेथे प्रत्येक लिफ्टला परवाना लागतो, तपासणी होते आणि अपघाताची वर्दी द्यावी लागते.

जुन्या लिफ्टचा माग ठेवणे सोपे नसते, बरे का! मोठ्या ठिकाणी सहा किंवा आठ आसनांची नवी लिफ्ट आली, की जुनी चार आसनी लिफ्ट एखाद्या लहान ठिकाणी विकली जाते. मनोरे एकीकडचे, खुर्च्या दुसरीकडच्या, मोटर तिसरीच, असेही घडते. मग तिचे जन्मसाल कोणते धरावे? मूळ बांधणारी कंपनी कधी बंद पडलेली असते, कधी विकली गेलेली असते. फॉन रोलचा हा व्यवसाय 1996 साली डॉपलमायरकडे गेला. चाळीस वर्षांपूर्वीच्या विद्युत-नियंत्रणाचे सुटे भाग मिळेनासे होतात. अशा वेळी कोणता भाग कधी बदलला, दोर कधी सांधला, त्याच्या किती तारा तुटल्या, चुंबकीय यंत्राने तो कधी तपासला, कोणत्या पकडीत बारीक तडा सापडला, हे सारे वहीत असेल तरच यंत्राची खरी प्रकृती कळते.

येथे एक बारकावा लक्षात घेतला पाहिजे. जी लिफ्ट कधीच थांबत नाही तीच विश्वासाची, असे पाहुण्यांना वाटते. हंगामात आठशे तास चालायची लिफ्ट बिघाडामुळे आठ तास बंद राहिली, तर ती शंभरात नव्याण्णव भरली असा हिशेब मांडतात. हिशेब बरोबर आहे. पण तेवढ्यावर विसंबू नये. जुनी लिफ्ट वरचेवर थांबत असेल, तर कदाचित तिचे तपासणी यंत्र आपले काम चोख करीत असेल. उलट, एखाद्याने कटकट नको म्हणून सुरक्षेचा खटकाच निकामी करून ठेवला, तर लिफ्ट दिवसभर विनातक्रार चालेल आणि तरीही ती घातक असेल. म्हणून लिफ्ट किती वेळा थांबली याच्या जोडीला का थांबली, हेही लिहून ठेवावे लागते.

माणसाच्या हातून होणारी चूकही वहीत आली पाहिजे. जॉर्जिया देशात गुदाउरी येथे 2018 सालच्या मार्च महिन्यात एक लिफ्ट उलटी धावली आणि बसलेली माणसे खालच्या स्थानकात भिरकावली गेली. तेथेही यंत्र फार जुने नव्हते. वीज गेल्यानंतर ते हाताळण्यात चूक झाली होती. लिफ्टला नेहमीचा ब्रेक, मोठ्या चाकावरचा आणीबाणीचा ब्रेक आणि वीज गेल्यावर चालवायचे तेलावरचे इंजिन, अशी सोय केलेली असते. पण कोणते केव्हा वापरायचे याचा सराव माणसांना नसेल, तर ती सोय व्यर्थ जाते.

श्रोते हो, आपल्यातील बहुतेकांना स्की खेळायची वेळ येणार नाही. परंतु यात्रेच्या गडावर, गुलमर्गला किंवा औलीला रज्जुमार्गाशी गाठ पडणारच. तेथे यंत्र जुने दिसले म्हणून घाबरू नये, आणि रंग नवा दिसला म्हणून निर्धास्तही होऊ नये. शेवटची तपासणी कधी झाली, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. आणि गावातला पाणीपुरवठ्याचा पंप असो की पिठाची गिरणी, शिक्षकांनी मुलांना एका यंत्राची नोंदवही वर्षभर ठेवायला सांगावी: कधी बंद पडले, का पडले, कोणता भाग बदलला. वर्षअखेरीस ती वही वाचताना यंत्राचा स्वभाव मुलांना आपोआप उमगेल, आणि पुढचा बिघाड कोठे संभवतो हेही त्यांतले एखादे पोर बोट ठेवून सांगेल.