नागिणीनंतरची आग

कुणाच्या छातीला, पाठीला एका अंगावर पुरळ उठले की आपल्याकडे म्हणतात, "नागीण आली, तोंड-शेपूट जुळले की माणूस गेला!" मग गेरूचा लेप, मंत्र. ही भीती खोटी. नागीण म्हणजे कांजिण्यांचाच विषाणू. तो मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षे दडतो आणि बहुधा उतारवयात उठतो. पुरळ सुकते, काहींची आग मात्र महिनोन् महिने राहते. अंगावर सदराही सोसवत नाही.

यावर खरे औषध कोणते, हे ठरवायचे कसे? १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली चाचणी पाहा. अशा २२९ रुग्णांचे दोन गट केले. एकाला गॅबापेंटिन, दुसऱ्याला तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळाले, ते रुग्णाला ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही! आठ आठवडे रोज वेदना दहाच्या मापाने मोजली. औषधवाल्यांची सरासरी ६.३ वरून ४.२ वर आली, दुसऱ्यांची ६.५ वरून ६.० वर. वेदना समूळ गेली नाही; काहींना गुंगी, चक्करही आली. पण औषधाचा गुण कळला.

गुरुजी, एक गोष्ट मुलांना जरूर दाखवा. औषधावाचूनही थोडा उतार पडलाच. म्हणूनच दुसरा गट हवा. मंत्राने "गुण आला" म्हणणाऱ्याला हेच विचारावे.

आणि मंडळी, घरात नागीण दिसली तर गेरू राहू द्या. ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठा. विषाणूवरच्या गोळ्या तेव्हाच अधिक उपयोगी पडतात.