मुल्कोवालची बाटली

एखादें नवें साधन हातीं आलें म्हणजे तें कितपत उपयोगी आहे याची चर्चा घरोघर होते. परंतु तें वापरतांना कोणी कोणती जबाबदारी घ्यावयाची, आणि कांहीं विपरीत घडलें तर खरेंखोटें कोणी व किती दिवसांत ठरवावयाचें, हा विचार बहुधा मागाहून सुचतो. आज जनुकांत फेरफार करण्याच्या विद्येविषयीं आणि माणसाऐवजीं निर्णय देणाऱ्या यंत्रांविषयीं हेच प्रश्न विचारले जात आहेत. प्रश्न नवे वाटतात खरे. पण मुंबईंतील एका प्रयोगशाळेला त्यांचें उत्तर सव्वाशे वर्षांमागेंच द्यावें लागलें होतें. ती हकीकत प्लेगच्या लशीची आहे.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा, रोगी ओळखला. लोक शहर सोडून जाऊं लागले. ऑक्टोबरांत वाल्डेमार हाफकिन यांना मुंबईस पाठविण्यांत आलें. १८६० सालीं ओडेसा येथें जन्मलेले हे ज्यू शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधून पटकीची लस घेऊन १८९३ सालीं हिंदुस्थानांत आले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांना एक खोली, एक पडवी, एक कारकून आणि तीन पट्टेवाले एवढा सरंजाम मिळाला. तेवढ्यावर त्यांनीं प्लेगचे जंतु मांसरसांत वाढविले. हिंदु व मुसलमान कोणाच्याच धर्मभावनेस बाध येऊं नये म्हणून मांस बोकडाचें घेतलें. रसाच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडले, आणि त्या तुपाखालीं जंतूंचे झुबके लोंबूं लागले. पुढें त्या जंतूंना उष्णता देऊन मारावयाचें आणि वर थोडें कार्बोलिक ॲसिड घालावयाचें, कीं लस तयार झाली.

१० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिन यांनीं ती लस प्रथम स्वत:स टोंचून घेतली. मात्रा दहा घन सेंटिमीटरची. पुढें लोकांना जेवढी द्यावयाची तिच्या तिपटीहूनही अधिक. ताप आला, टोंचलेली जागा ठणकली, पण काम थांबलें नाहीं. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला, तेव्हां आपण होऊन पुढें आलेल्या कैद्यांना लस देण्यांत आली, आणि टोंचून घेतलेल्यांपेक्षां न घेतलेल्यांत रोग व मृत्यु अधिक आढळले. कैद्याची राजीखुषी ही कितपत राजीखुषी, असा प्रश्न आजचा वैद्य विचारील, आणि तो विचारणें योग्यच आहे. त्या काळीं तो कोणी फारसा विचारला नाहीं. मात्र शोधकानें परक्या देहाआधीं स्वत:चा देह पुढें केला, हें विसरतां येत नाहीं.

त्या वेळीं लोकांचें मन कसें होतें हेंही ध्यानांत घेतलें पाहिजे. १८९७ सालीं पुण्यांत सोजीर घरांत शिरून रोगी शोधीत होते. देव्हाऱ्यापर्यंत त्यांचे बूट पोंचले. ज्या सरकारचा सोजीर असा दारांत आला, त्याच सरकारची सुई विश्वासानें कोण टोंचून घेणार? हाफकिन यांचा आग्रह टोंचणी ऐच्छिक असावी असा होता. आगाखान यांनीं लोकांसमक्ष स्वत: टोंचून घेतलें, प्रयोगशाळेसाठीं आपला बंगला दिला, आणि त्यांच्या खोजा अनुयायांनीं मोठ्या संख्येनें त्यांचें अनुकरण केलें. हुकुमापेक्षां हें उदाहरण अधिक कामास आलें. १८९९ च्या ऑगस्टांत प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्यें गेली. हा वाडा गव्हर्नरांनीं सोडला होता. तेथें एका गव्हर्नरांची पत्नी पटकीनें वारली होती.

१९०२ सालीं पंजाब प्रांतानें मोठ्या प्रमाणावर टोंचणी करण्याचें ठरविलें, आणि परळवर मागणीचा अपूर्व भार पडला. लस अधिक वेगानें तयार व्हावी म्हणून हाफकिन यांनीं पद्धत बदलली. मांसरसाऐवजीं आगर वापरलें, आणि कार्बोलिक ॲसिड गाळून केवळ उष्णतेवर विसंबण्याचें ठरविलें. शास्त्रदृष्ट्या या बदलाला आधार होता. पॅरिसला तसें होतच असे. पण लाखों माणसांच्या दंडांत जावयाच्या वस्तूंतील एक पायरी, ऐन घाईच्या वेळीं, कोणाही त्रयस्थाच्या तपासणीवांचून बदलली जाते, ही गोष्ट आज कोणत्याही देशांत चालणार नाहीं. तेव्हां तशी तपासणी करणारा कायदाच येथें नव्हता.

३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुल्कोवाल या गांवीं एकशें सात माणसांना लस टोंचण्यांत आली. हें गांव आतां पाकिस्तानांत आहे. लस पांच बाटल्यांतील होती. त्यांपैकीं ५३ एन या क्रमांकाच्या बाटलीची लस ज्यांना मिळाली त्या एकोणीस जणांना पुढील कांहीं दिवसांत धनुर्वात झाला, आणि एकोणीसही जण दगावले. उरलेल्या अठ्ठ्यायशीं जणांना कांहीं झालें नाहीं.

आतां प्रश्न एकच होता: धनुर्वाताचा जंतु त्या बाटलींत शिरला कोठें? परळला, कीं मुल्कोवालला?

सरकारनें कमिशन नेमलें. मुंबई हायकोर्टाचे चीफ जस्टिस सर लॉरेन्स जेंकिन्स अध्यक्ष होते. बाटली उघडण्यापूर्वींच, म्हणजे परळलाच, लस दूषित झाली असली पाहिजे, आणि कार्बोलिक वगळण्याचा बदल सदोष होता, असा निष्कर्ष निघाला. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यांत आलें. वर्गांत शाईची दौत सांडली म्हणजे दौत ज्याची त्याला उभें करणें सोपें असतें. धक्का कोणाचा लागला हें पाहण्यास सावकाशी लागते.

ती सावकाशी ज्यांनीं दाखविली त्यांचे मुद्दे साधेच होते. बाटली एकेचाळीस दिवसांपूर्वीं भरलेली होती. इतके दिवस तींत धनुर्वाताचे जंतु वाढत असते तर बूच काढतांच घाण सुटली असती. पण उघडतांना लस हुंगून पाहणाऱ्या डॉक्टरांना तसा वास आला नव्हता. शिवाय, जंतूंनीं महिनाभर साठविलेलें विष अंगांत गेलें असतें तर रोग्यांना फार लौकर झटके यावयास हवे होते; येथें मध्यें सुमारें आठवडा गेला, आणि ताजे व थोडे जंतु आंत शिरल्यास असाच काळ लागतो. अर्धा टक्का कार्बोलिकनें धनुर्वाताचीं बीजें मरतात, हेंही खरें नाहीं. आणि चौकशींतच आणखी एक गोष्ट निघाली होती: त्या दिवशीं बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला, आणि तो दिव्याच्या ज्योतींत न धरतां कार्बोलिकच्या पाण्यांत नुसता बुडवून पुन्हां वापरण्यांत आला. धनुर्वाताचे जंतु मातींत असतात, हें आज शाळेंतील मुलासही ठाऊक आहे.

म्हणून सारा दोष त्या मदतनिसाच्या माथीं मारणें हेंही न्यायाचें नव्हे. परळच्या स्वच्छ मेजावर जी दक्षता शक्य, तीच खेड्यांत उघड्यावर, रांग लागलेली असतां, राहील असें गृहीत धरून जी योजना आंखली जाते, तिच्यांत चिमटा केव्हां तरी पडणारच. त्यानंतर काय करावयाचें हें मदतनिसाच्या हातास इतकें वळणीं पडलेलें हवें होतें कीं त्याला विचारच करावा लागूं नये. तें शिकविण्याचें काम शोधकाचें, कीं प्रांतिक सरकारचें? कमिशनच्या निष्कर्षानें बोट परळकडे वळलें, आणि हा प्रश्न मागें पडला.

याच सुमारास अमेरिकेंत असेंच एक संकट आलें होतें. १९०१ सालीं सेंट लुई शहरांत घटसर्पावर दिलेल्या रक्तजलांत धनुर्वाताचें विष होतें. ज्या घोड्याचें तें रक्त, त्यालाच धनुर्वात झाला होता. तेरा मुलें दगावलीं. पुढच्याच वर्षीं, १ जुलै १९०२ रोजीं, तेथें कायदा झाला: लस व रक्तजल बनविणाऱ्यानें परवाना घ्यावा, सरकारी तपासनिसास कारखान्यांत येऊं द्यावें, आणि मालावर नांव व मुदत लिहावी. म्हणजे मुल्कोवालच्या चार महिने आधीं जगांत एके ठिकाणीं ही वाट पडलेली होती. हिंदुस्थानांत औषधांचा कायदा झाला तो १९४० सालीं.

येथें मात्र कागद फिरत राहिले. सरकारनें प्रकरण लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटकडे अभिप्रायासाठीं धाडलें. दोष मुल्कोवाल येथेंच शिरण्याचा संभव अधिक, असा त्या संस्थेचा कल पडला. तरी सर्व कागदपत्रें लोकांपुढें येण्यास सुमारें चार वर्षें लागलीं. २९ जुलै १९०७ रोजीं लंडनच्या 'टाइम्स'मध्यें दहा शास्त्रज्ञांच्या सहीचें पत्र प्रसिद्ध झालें. हिंवतापाच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळविणारे रोनाल्ड रॉस त्यांत अग्रभागीं होते. हाफकिन यांच्यावरील आरोप टिकत नाहीं, असें त्यांनीं स्पष्ट लिहिलें. वर्षअखेरीस ते दोषमुक्त ठरले.

या विलंबाची किंमत हाफकिन यांनीं एकट्यानें दिली असें मात्र नाहीं. मुल्कोवालनंतर पंजाबांत टोंचणीवरचा विश्वास ढासळला. आणि १९०७ हेंच प्लेगचें सर्वांत क्रूर वर्ष ठरलें; त्या एका सालीं हिंदुस्थानांत बळी तेरा लाखांच्या घरांत गेले, आणि त्यांत पंजाबचा वांटा सर्वांत मोठा होता. लोकांनीं भ्यावें यांत नवल नव्हतें. त्यांना खरें काय तें वेळेवर सांगण्यांत आलेंच नव्हतें. चौकशीचे कागद १९०३ सालींच उघड झाले असते, तर एकोणीस माणसें परत आलीं नसतीं. पण कोणता दोष घडला व तो कसा टाळतां येतो, हें गांवोगांवीं सांगतां आलें असतें.

दोषमुक्तीनंतर हाफकिन कलकत्त्यास रुजू झाले. परंतु नव्या लशीचे प्रयोग माणसांवर करण्याची मोकळीक त्यांना मिळाली नाहीं, आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपांत गेले. १९२५ सालीं परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हें नांव देण्यांत आलें. तेव्हां त्यांनीं उत्तरादाखल पत्र लिहिलें. आयुष्याचीं उत्तम वर्षें मुंबईच्या त्या कामांत गेलीं, एवढेंच त्यांनीं त्यांत म्हटलें. मुल्कोवालचा उल्लेख केला नाहीं. १९३० च्या ऑक्टोबरांत स्वित्झर्लंडांत लोझान येथें त्यांचा अंत झाला.