सोळा आणे आणि पाचावर धारण



दिल्लीत जेएनयूच्या शेजारी मुनिरका आहे. महाराष्ट्रातून शिकायला गेलेली मुलं तिथं भाड्याच्या खोल्यांत राहतात. गल्लीतल्या दुकानदारानं ‘सोलह आने सच’ म्हटलं, तर त्यांना अर्थ विचारावा लागत नाही. आपणही ‘सोळा आणे खरं’ म्हणतोच. वास्तविक १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. त्याआधी रुपया म्हणजे १६ आणे, ६४ पैसे किंवा १९२ पै.

बाजारातून आलेले आपले वाक्प्रचार आठवून पाहा. नफ्यातून आलेले थोडे, तोट्यातून आलेले फार. ‘पाचावर धारण बसली’ हाच घ्या. धारण म्हणजे धान्याचा चालू भाव. पूर्वी भाव सांगायची रीत आजच्या उलट होती. शेराला किती रुपये असं नव्हे, रुपयाला किती शेर. म्हणजे आकडा उतरला की महागाई चढली. रुपयाला पाचच शेर धान्य मिळू लागलं, की घराघरांत पोटात गोळा यायचा. आज निकालाच्या आदल्या रात्री मुनिरक्यातल्या मराठी पोराची धारण पाचावर बसते, त्यामागं अशी भूक आहे.

‘आतबट्ट्याचा व्यवहार’ही नुकसानीचाच. पेशवाईत अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे नाना रुपये चालत. नाणं बदलून देताना सराफ चांदीचा कस आणि झीज पाहून जी रक्कम कापून घेई, तो बट्टा.

इंग्रजीत ‘बेकर्स डझन’ म्हणजे तेरा. तेराव्या शतकापासून इंग्लंडात पाव वजनाला कमी भरला तर बेकरला शिक्षा होई; म्हणून डझनामागं एक पाव जास्त टाकायची चाल पडली, असं सांगतात. तिथंही भीतीच.

मला मात्र ‘अक्कलखाती’ सर्वांत मोलाचा वाटतो. वहीत प्रत्येक रकमेला कुठलं तरी खातं लागतंच. फसगतीत गेलेले पैसे अक्कलखाती मांडायचे, म्हणजे नुकसान न लपवता हिशेब पुरा करायचा. केवढी सचोटी आहे यात!

ज्यांच्या माळ्यावर आजोबा-पणजोबांच्या रोजकीर्दी आणि खतावण्या पडून असतील, त्यांनी कृपा करून त्या रद्दीत घालू नयेत. मोडी येत नसेल तर वाचणारा माणूस शोधावा. हे शब्द रोजच्या कामात कसे वापरले जात, ते त्या वह्यांतच सापडेल.