राखीव यंत्राची सत्त्वपरीक्षा
(मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



बँक, रुग्णालय, रेल्वे-आरक्षण यांचे काम ज्या संगणकजाळ्यावर चालते, त्याच्या वेशीवर 'राउटर' नावाचे यंत्र उभे असते. तेच बंद पडले तर आतील सारी यंत्रे धडधाकट असूनही निरुपयोगी ठरतात. म्हणून तेथे दोन राउटर ठेवतात.

या जोडीची व्यवस्था मार्मिक आहे. संगणकांना दोहोंचा मिळून एक सामाईक, कल्पित पत्ता दिलेला असतो. त्या वेळी जो मुख्य असेल, तो त्या नावे ओ देतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या 'व्हीआरआरपी' नियमावलीनुसार मुख्य राउटर सामान्यतः दर सेकंदाला आपल्या अस्तित्वाची वर्दी देतो. तीन-चार सेकंद वर्दी आली नाही, की राखीव राउटर कारभार हाती घेतो.

परंतु दोघांमधला दुवाच तुटला तर दोघेही स्वतःस मुख्य समजू लागतात. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, याचा प्रत्यय तेव्हा येतो.

असाच धडा आपल्या बंगळूरच्या नियंत्रणकेंद्रातून चाललेल्या मंगळयानाच्या मोहिमेतही मिळाला. ११ नोव्हेंबर २०१३ रोजी पृथ्वीभोवतीची कक्षा उंचावताना राखीव व्यवस्थेची मुद्दाम परीक्षा घेण्यात आली. इंधनाच्या झडपेची मुख्य व राखीव वेटोळी एकदम कार्यान्वित करताच इंजिनाकडे जाणारा प्रवाह थांबला. सेकंदाला १३० मीटर वेगवृद्धी अपेक्षित असता ३५ मीटरच मिळाली. दुसऱ्याच दिवशी ती उणीव भरून काढण्यात आली. दोन्ही वेटोळी एकत्र चालवावयाची नाहीत, एकामागून एक चालवावयाची, हे यान पृथ्वीजवळ असतानाच कळले. २४ सप्टेंबर २०१४ रोजी ते मंगळाच्या कक्षेत स्थिरावले.

कचेऱ्यांतून मात्र राखीव राउटर बसवून आम्ही निश्चिंत होतो. दोघांची वीज एकाच जोडणीवरून, दोघांच्या तारा एकाच चरातून. रस्ता खोदणाऱ्याची एक कुदळ दोघांनाही पुरते! मुख्यात केलेला फेरफार राखीवात करावयाचा राहून जातो, तो निराळाच. यास उपाय एकच : ठरलेल्या दिवशी, सर्वांना पूर्वसूचना देऊन, मुख्य राउटर स्वहस्ते बंद करावा. चालत्या गाडीला खीळ कशाला, असे म्हणणारे भेटतातच. पण ती खीळ आपण घातली, तर काढावयास आपण समोर असतो.

आपल्या मंडळालाही आम्ही हेच सुचवू. पुढील एखादा गणेशोत्सव जुन्या चिटणिसांनी केवळ प्रेक्षक म्हणून पाहावा. हिशेब, किल्ल्या आणि व्यासपीठ तरुणांच्या हाती द्यावे. जे अडेल ते जुने जाणते जवळ असतानाच अडू द्यावे.