तरुणपणाची मुदत

मानसशास्त्राच्या पुस्तकात एरिक एरिक्सन यांचा तक्ता हमखास असतो. जन्मापासून म्हातारपणापर्यंत आयुष्याचे आठ टप्पे आणि प्रत्येक टप्प्यावर एक ओढाताण. तान्ह्या बाळाचा जगावर विश्वास बसतो की नाही, शाळेच्या वयात ‘मला जमतं’ असं वाटतं की कमीपणा मनात घर करतो, तरुणपणी ‘मी कोण’ याचा उलगडा होतो की गोंधळ उडतो. शिक्षक होऊ पाहणारे हा तक्ता पाठ करतात, आणि परीक्षा झाली की तो वहीतच राहतो. आज तो सातपुड्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात नेऊन बघू.

आधी शाळेचं वय. मोलगीच्या परिसरातल्या एखाद्या पाड्यावरचं आठ-नऊ वर्षांचं पोर शेळ्या राखतं, उन्हाळ्यात भल्या पहाटे मोहाखाली फुलं वेचतं. कुठला कंद उकडून खायचा नि कुठल्याला हात लावायचा नाही, हे त्याला कुणी वेगळं शिकवलेलं नसतं. एरिक्सनच्या भाषेत हा गडी त्या टप्प्यात पास झालेला आहे. तोच आश्रमशाळेच्या बाकावर येतो, घरची भिली बोली बाहेर ठेवून प्रमाण मराठीतला धडा वाचू लागतो आणि एकाएकी ‘कच्चा’ ठरतो.

हे एरिक्सननी पाहिलेलं होतं, फक्त दुसऱ्या खंडात. 1930 च्या दशकात ते अमेरिकेतल्या पाइन रिज इथे सू आदिवासींमध्ये गेले. मुलं कशात रस घेत नाहीत, अशी तिथल्या शिक्षकांची तक्रार होती. एरिक्सनना दिसलं ते असं, की घर एक मूल्य शिकवतं, शाळा दुसरंच मागते आणि मूल दोघांपुढेही गप्प राहतं. हे त्यांनी 1950 च्या ‘चाइल्डहूड अँड सोसायटी’ या पुस्तकात मांडलं. तक्ता सगळ्यांना आठवतो, हे प्रकरण मात्र फारसं कुणी उघडत नाही.

आपल्याकडे याला एक उत्तर नर्मदेकाठी शोधलं गेलं. सरदार सरोवराच्या पाण्यात याच तालुक्यातलं मणिबेली बुडत होतं, त्या काळात नर्मदा बचाओ आंदोलनाने जीवनशाळा काढल्या. गावचेच तरुण शिक्षक झाले आणि शिकवणं मुलांच्या बोलीतून सुरू झालं. आंदोलनाबद्दल मतं काहीही असोत, मुलाला येतं तिथून सुरुवात करायची ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता तरुणपण. एरिक्सन म्हणत, या वयात समाजाने पोराला थोडी मुदत द्यावी. चार गोष्टी करून पाहू द्याव्यात, चुकू द्यावं, जबाबदारीची घाई करू नये. त्यांना स्वतःला ती मिळाली होती. 1902 साली फ्रँकफर्टजवळ जन्मलेला हा माणूस विशीत चित्रं काढत युरोपभर भटकला. जन्मदाता बाप कोण ते त्याला कळलं नाही. सावत्र वडिलांचं आडनाव मागे टाकून 1939 साली ‘एरिक्सन’ हे नाव त्याने स्वतःच घेतलं. पुढे पदवी नसताना हार्वर्डला प्राध्यापकही झाला.

सातपुड्यातल्या पोराला ही मुदत कुठून मिळणार? दिवाळी झाली की इथली कुटुंबं ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत उतरतात. तिथे माणसं मोजतात ती कोयत्याने. एक कोयता म्हणजे तोडणारा आणि मोळ्या बांधणारी, बहुतेक नवरा-बायको. जोडी लागते म्हणून लग्नाचीही घाई होते. ‘मी कोण’ हा प्रश्न पडायच्या आधीच मुकादमाच्या वहीत उत्तर लिहिलेलं असतं.

तरी ओळख मिळायला एक जागा आहे. याच तालुक्यातल्या काठी गावची राजवाडी होळी. तिथे नवस केलेले लोक काही दिवस नेम पाळतात, जमिनीवर निजतात. कमरेला भोपळे नि घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचा टोप आणि अंगावर राखेची नक्षी, असं बुध्याचं रूप घेऊन ते रात्रभर नाचतात, आणि पहाटे उंच बांबूची होळी पेटते. आपली ओळख आपल्या एकट्याच्या मनात तयार होत नाही, चार माणसांनी ती पाहून मानावी लागते, हे एरिक्सनचं म्हणणं समजून घ्यायचं तर तिथे एक रात्र उभं राहावं. हंगामभर कोयता म्हणून मोजला गेलेला पोरगा त्या रात्री साऱ्या डोंगराला नावानिशी दिसतो.

मुलींचं काय, हे मात्र तक्ता सांगत नाही. आधी ओळख, मग जवळीक हा एरिक्सनचा क्रम पुरुषांच्या आयुष्यावरून घेतलेला आहे, असं मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन यांनी 1982 मध्ये दाखवून दिलं. बुध्याचं रूपही पुरुषच घेतात. तोडीहून होळीला परतलेली मोळ्या बांधणारी, कडेवर मूल घेऊन बायकांच्या रांगेत नाचते, तेव्हा तिला कोणत्या टप्प्यावर बसवायचं, हे मानसशास्त्राच्या शिक्षकांनी मला जरूर सांगावं.