बाईंचा हरभरा आणि माझे कॅक्टस
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



'तुझ्या कॅक्टसबद्दल बोल' असं संयोजकांनी सांगितलं, तेव्हा मलाच हसू आलं. कारण सातवीत विज्ञानाच्या बाईंनी ग्लासात टीपकागद लावून हरभरा रुजवायला दिला होता, आणि अख्ख्या वर्गात फक्त माझा कुजला होता. मी येता-जाता पाणी घालत होते. बाई म्हणाल्या होत्या, "अगं, बियांना श्वास तरी घेऊ दे!"

हे वाक्य मला पुन्हा आठवलं ते दोन वर्षांपूर्वी. तेव्हा माझी नोकरी गेली. सॉफ्टवेअरमधली 21 वर्षं एका सकाळी पंधरा मिनिटांच्या कॉलवर संपली. आपल्या ग्रुपवर मी हे कुणालाच सांगितलं नाही. तुमच्या बढत्यांच्या बातम्यांना अंगठे देत राहिले. आज पहिल्यांदा सांगते आहे.

त्या रिकाम्या दिवसांत मी ॲस्ट्रोफायटम नावाच्या कॅक्टसच्या 40 बिया मागवल्या. हा मूळचा मेक्सिकोचा; बी तपकिरी, चकचकीत, इवल्याशा टोपीसारखी. कॅक्टस म्हणजे कडक ऊन आणि कोरडी माती, असा आपला समज. तो मोठ्या झाडापुरता खरा. बाळरोपाला नेमकं उलट लागतं : ओल, ऊब आणि गाळून आलेला उजेड.

कृती सोपी आहे. जाड वाळू आणि कोकोपीट निम्मं-निम्मं घ्यायचं, त्यावर उकळतं पाणी ओतून निवू द्यायचं, म्हणजे बुरशी बरीच मरते. बिया वर नुसत्या ठेवायच्या, मातीने झाकायच्या नाहीत. मग ट्रे पारदर्शक पिशवीत घालून तोंड बांधायचं. चौथ्या दिवशी पहिला हिरवा मणी दिसला, ज्वारीच्या दाण्याहून लहान. मी घरभर नाचले.

आणि मग पुन्हा हरभरा झाला. रोज पिशवी उघडून बघायचे, फवारा मारायचे. दहाव्या दिवशी पांढरी बुरशी आली आणि दोन दिवसांत सगळ्यांनी माना टाकल्या. आमच्या धंद्यात चूक झाली, की स्क्रीनवर लगेच लाल अक्षरं येतात. इथे सोमवारी जास्त झालेलं पाणी पुढच्या सोमवारी कळतं, आणि तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

त्या रात्री मी रडले. बियांसाठी नव्हे, हे तुम्हाला कळलंच असेल.

दुसऱ्या खेपेला पुन्हा 40 बिया पेरल्या, पिशवी बांधली आणि दीड महिना हात लावला नाही. मला आयुष्यात इतकं कठीण काही गेलेलं नाही. नंतर पिशवीला टाचणीने दोन भोकं पाडली, आठवड्याने आणखी दोन. बाहेरच्या हवेची सवय अशी हळूहळूच लावावी लागते. 31 रुजल्या, त्यातली 19 आज जिवंत आहेत, सुपारीएवढी.

मधल्या काळात मी मुलाखती दिल्या, नकार घेतले. आता एका छोट्या कंपनीत आहे. पगार आधीपेक्षा कमी आहे, झोप बरी आहे. कॅक्टसमुळे नोकरी मिळाली, असं मी म्हणणार नाही. पण 'अजून काहीच दिसत नाही' म्हणजे 'काहीच होत नाही' असं नसतं, एवढं त्या ट्रेने मला रोज सकाळी दाखवलं.

शेवटी एकच. ॲरिझोनाच्या वाळवंटात साग्वारो नावाचा कॅक्टस असतो, चांगला तीन-चार मजली उंच. पण पहिल्या आठ वर्षांत तो जेमतेम इंच-दीड इंच वाढतो. त्या काळात तो बहुधा दुसऱ्या एखाद्या झाडाच्या सावलीत असतो. ते झाड त्याचं ऊन आणि थंडी आपल्या अंगावर घेतं. अभ्यासक त्याला दाई-झाड म्हणतात. हे वाचलं तेव्हा मला आपल्या शाळेचा व्हरांडा आठवला, आणि आज समोर बसलेली तुम्ही सगळी सर-बाई मंडळी.

बाहेरच्या टेबलावर माझ्या 12 कुंड्या ठेवल्या आहेत. पहिला मान शिक्षकांचा, उरतील त्या तुम्ही घ्या. माती पूर्ण वाळल्याशिवाय पाणी घालू नका. आणि बाई, तुमची कुंडी मी वेगळी काढून ठेवली आहे. या वेळी कुजवली नाही.