डॉक्टर झाला, पण कशाचा?

(मंडळाच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



वस्तीतील मुलगा किंवा मुलगी एम.बी.बी.एस. झाली की आपण पुष्पगुच्छ देऊन सत्कार करतो. त्याच समारंभात कोणीतरी विचारतोच, "आता स्पेशालिस्ट कशाचा होणार?" या प्रश्नाचे उत्तर कसे ठरते, यावर आम्ही चार शब्द बोलणार आहोत.

१९८९ साली यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि डॉक्टरकीचे शिक्षण आपल्या दारापर्यंत आले. साडेचार वर्षांचा अभ्यास, एक वर्षाची इंटर्नशिप आणि नंतर एम.डी. किंवा एम.एस.ची तीन वर्षे, असा हा प्रवास आहे.

विषय सर्वप्रथम ठरवते ती प्रवेश परीक्षेची गुणवत्ता यादी. वरच्या क्रमांकाची बरीच मुले रेडिओलॉजी, त्वचारोग, मेडिसिन घेतात. सामाजिक वैद्यकशास्त्र, शरीररचनाशास्त्र हे विषय मागे राहतात. दुसरे कारण मिळकतीचे आणि रात्री-अपरात्रीच्या धावपळीचे. तिसरे घरच्यांचे. मुलीने बाळंतपणाचाच विषय घ्यावा, सर्जरी बाईमाणसाचे काम नव्हे, असे सांगणारी घरे आजही आहेत. चौथे कारण म्हणजे जीव लावून शिकविणारा एखादा शिक्षक किंवा वॉर्डात भेटलेला एखादा रुग्ण.

आपल्या घरांत आणखी एक कारण असते. डॉक्टरच्या मुलाला वडिलांचा दवाखाना तयार असतो. शेतमजुराच्या मुलापुढे कर्जाचे हप्ते आणि धाकट्या भावंडांचे शिक्षण उभे असते. "आता पुरे झाले शिक्षण, कमवायला लाग," असे घर म्हणते, आणि तेही चुकीचे म्हणता येत नाही. परंतु शासकीय महाविद्यालयात एम.डी. करणाऱ्या निवासी डॉक्टरला दरमहा विद्यावेतन मिळते, हे पुष्कळ पालकांना ठाऊकच नसते. केवळ माहितीअभावी एखाद्याची वाट अडावी, ही खेदाची गोष्ट आहे.

आता जिल्ह्याची गरज पाहा. २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अशा वेळी मेडिसिनचा डॉक्टर हवा, व्हेंटिलेटर सांभाळणारा भूलतज्ज्ञ हवा, डोळे वाचविणारा नेत्रतज्ज्ञ हवा. आणि फवारणीपूर्वीच मजुराच्या तोंडाला मास्क आहे की नाही हे पाहायला सामाजिक वैद्यकशास्त्राचा माणूस हवा. शेतकरी आत्महत्यांच्या या जिल्ह्यात मानसोपचारतज्ज्ञ किती मोलाचा, हे सांगायला नको. सिकलसेलचा आजार आदिवासी बांधवांत आहे, तसा आपल्याही घरांत आहे. त्यासाठी बालरोगतज्ज्ञ आणि रक्ताची तपासणी जाणणारा पॅथॉलॉजिस्ट हवा. यादीत जे विषय मागे राहतात, त्यांतले काही आपल्याला सर्वांत आधी लागतात.

विदर्भातलेच उदाहरण आहे. डॉ. रवींद्र कोल्हे एम.बी.बी.एस. होऊन मेळघाटात बैरागडला गेले. तेथील लोकांचे आजार पाहून त्यांनी सामाजिक वैद्यकशास्त्रात एम.डी. केले आणि पुन्हा तेथेच परतले. २०१९ साली डॉ. कोल्हे दांपत्याला पद्मश्री मिळाली. त्यांचा विषय रुग्णांनी ठरविला, असे आम्ही म्हणतो.

प्रत्येकाने बैरागडला जावे, असा आमचा आग्रह नाही. गरिबाच्या मुलानेच त्याग करावा आणि इतरांनी रेडिओलॉजी घ्यावी, हा न्याय नव्हे. आपला मुलगा रेडिओलॉजिस्ट झाला तर आम्हाला आनंदच आहे. परंतु निवड त्याने डोळे उघडे ठेवून करावी. अज्ञानाने किंवा नाइलाजाने ती होऊ नये.

म्हणून तीन विनंत्या. पालकहो, मुलीला विषय सांगू नका, तिला विचारा. मंडळाने इंटर्नशिप करणाऱ्या मुलांची आपल्या समाजातील वेगवेगळ्या विषयांच्या डॉक्टरांशी वर्षातून एकदा तरी गाठ घालून द्यावी. आणि ज्येष्ठ डॉक्टरांनो, सुट्टीत एखाद्या विद्यार्थ्याला आपल्या दवाखान्यात बसू द्या. गुणवत्ता यादी आपल्या हाती नाही. मुलाने काय पाहावे, कोणाला भेटावे, हे मात्र थोडेफार आपल्या हाती आहे.